टाके कोणी घातले

एल्डा रात्सलाफला अर्ज भरायचा मनापासून तिटकारा होता, आणि चर्चच्या समितीनं तिच्या हातात नेमके अर्जच ठेवले होते. चांगले चव्वेचाळीस. प्रत्येक गोधडीला एक.

येत्या ऑगस्टात लिंडेनतालच्या चर्चला सव्वाशे वर्षं पूर्ण होणार होती. त्यासाठी मंडळीतल्या बायकांनी आजवर शिवलेल्या गोधड्यांची नोंद करायची आणि निवडक गोधड्या पुढच्या दालनात टांगायच्या, असं ठरलं होतं. समितीची ट्वायला गोअरिंग स्वतः घरी येऊन अर्ज देऊन गेली. तरुण मंडळी गावातल्या सगळ्याच म्हाताऱ्यांना टांटे म्हणत, तशी तीही म्हणे.

"जेवढ्या आठवतील तेवढ्या लिहा, टांटे."

"आठवतील म्हणजे काय? मला सगळ्या आठवतात."

आणि खरंच आठवत होत्या. जेवणाच्या टेबलावर घरातल्या सोळा गोधड्यांची चळत लावून एल्डा फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी बसली. अर्जात रकाने होते: गोधडीचं नाव, साल, कापड कुठलं, तुकडे कोणी जोडले, टाके कोणी घातले, इंचाला किती टाके, सध्या कुठे आहे. शेवटच्या रकान्यासाठी सुनांना फोन करावे लागले, आणि तिथूनच डोकं फिरायला सुरुवात झाली.

"जॉइस, तुमच्या लग्नातली. जोडअंगठ्यांच्या नक्षीची. कुठे आहे ती?"

"ती ना मॉम... ती ट्रकमध्ये आहे."

"ट्रकमध्ये काय करतेय?"

"अहो, बस्टरला थंडी वाजते."

बस्टर म्हणजे कुत्रा. एल्डानं फोन ठेवला आणि एकोणिसाव्या अर्जावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: सध्या कुत्र्याखाली.

धाकटी सून पॅम दुसऱ्या टोकाची. "छे छे, मॉम, मी तर ती प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करून ठेवलीय. एकदासुद्धा उलगडलेली नाही. इतकी सुंदर आहे, वापरवतच नाही!"

"वापरवत नाही? गोधडी अंगावर घ्यायची असते गं, पुरायची नसते."

"मी तर जपतेय, मॉम..."

"कळलं मला," एल्डा म्हणाली. बावीस: सध्या पुरलेली.

एक गोधडी दंव पडू नये म्हणून टोमॅटोच्या रोपांवर घातलेली निघाली. दुसरी पुतण्याच्या घटस्फोटात त्याच्या बायकोबरोबर ओरेगॉनला गेली होती. एल्डानं ते सगळं तसंच्या तसं लिहिलं. समितीला नोंद हवी होती ना, मग घ्या नोंद.

पण हा राग साधा होता. रोजचा, कॉफीबरोबर उतरणारा. खरा राग बुधवारी आला, चार नंबरच्या गोधडीपाशी.

चार नंबरची गोधडी म्हणजे उडती बदकं. रूबेनच्या फाटक्या सदऱ्यांचं निळं कापड आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या छापील पोत्यांचे तुकडे, त्यांचे त्रिकोण रांगेनं जोडलेले, सगळे एकाच दिशेला निघालेले. साल १९४४. तेव्हा एल्डा एकवीस वर्षांची होती आणि लग्नाला दीड वर्षही झालं नव्हतं. मेनोनाइट पंथाचा माणूस बंदूक उचलत नाही, म्हणून लढाईऐवजी सरकारनं रूबेनला कोलोराडोच्या डोंगरात झाडं लावायच्या छावणीत धाडलं होतं. घरी एल्डा, सासूबाई आणि अकरा गाई. गावातला दुकानदार, ज्याला सासूबाई तीस वर्षं अंडी विकत होत्या, तो तिला बघून म्हणाला होता, "साखर ज्यांची पोरं लढतायत त्यांच्यासाठी आहे." कोठाराच्या दारावर कुणीतरी 'पळपुटे' असं लिहून गेलं. एल्डानं ते घासून काढताना दोन ब्रश मोडले. सासूबाई मागे उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "आपण रागवत नाही, एल्डा."

रागवत नाही. ठीक. मग एल्डानं तो राग सुईत घातला.

दर बुधवारी दुपारी चर्चच्या तळघरात शिवणमंडळ भरे. लाकडी चौकटीवर गोधडी ताणलेली, चारी बाजूंनी बायका, मधोमध गप्पा. एल्डा डावखुरी. शाळेत मास्तरांनी तिचा डावा हात खुर्चीला बांधून तिला उजव्या हातानं लिहायला शिकवलं होतं, पण सुई काही तिनं उजव्या हातात धरली नाही. चौकटीचा जो कोपरा उजव्या हाताच्या बाईला अडचणीचा, तो तिला सोपा, म्हणून तिची जागा ठरलेली: शेगडीकडचा काठ, जिकडे बदकं उडत येत. टाके मात्र तिचे मोठे होते, हे तिला माहीत होतं. बायका थट्टा करत. "एल्डाच्या टाक्यात पायाच्या अंगठ्याचं नख अडकायचं हं!" सगळ्या हसत, एल्डाही हसे. आणि पुढचा टाका घालताना ती मनात त्या दुकानदाराला भोसकून काढी. पहिल्या टाक्यापासून शेवटच्यापर्यंत, अख्खा हिवाळा, ती कुणाला ना कुणाला भोसकत होती.

रूबेन सेहेचाळीसमध्ये परत आला. गोधडी पाहायला बायका जमल्या, तेव्हा शिवणमंडळातली आना कौफमन म्हणाली होती, "बघा, एल्डाचा हात कसा बसला ते!" सगळ्यांनी माना डोलावल्या. रूबेननं गोधडीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "एवढी नाजूक वस्तू अंगावर घ्यायची? ठेवून दे." ती पेटीत गेली. ना कधी वापरली, ना कधी धुतली. रूबेन जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

तर बुधवारी सकाळी एल्डानं ती पेटीतून काढली, पट्टी लावली आणि टाके मोजले. मोतीबिंदू काढून दोनच महिने झाले होते. डोळा पोरीसारखा लख्ख होता.

इंचाला अकरा.

तिनं पुन्हा मोजले. अकरा. पट्टी सरकवली, दुसऱ्या त्रिकोणावर मोजले. अकरा. एल्डाला आपल्या हाताची ओळख होती. आज, पन्नास वर्षांच्या सरावानंतर, तिचे इंचाला नऊ पडत. एकविसाव्या वर्षी सहा पडले तरी देवाची कृपा.

मग तिनं ओळीची टोकं पाहिली. दोरा संपतो तिथे बाई एक जोडटाका घालते. तिच्या काठाला, तिच्या जागेवरून डाव्या हातानं शिवलेल्या ओळी डावीकडून उजवीकडे गेलेल्या असायला हव्या होत्या, म्हणजे जोडटाका उजव्या टोकाला. तो डाव्या टोकाला होता. एका ओळीत नाही, सगळ्या ओळींत.

एल्डा उठली, गोधडी खिडकीशी नेली आणि उन्हासमोर धरली.

त्या अकराच्या सुबक ओळींच्या दोन्ही अंगांना, कधी वर कधी खाली, कापडात भोकं होती. बारीक, रिकामी, एकमेकांपासून लांब लांब. कापड कधी पाण्यात गेलं नव्हतं, म्हणून ती मिटली नव्हती. वाकडीतिकडी जाणारी, मोठ्या मोठ्या ढांगा टाकणारी ओळ. कुणीतरी तिचे टाके काढले होते आणि त्यांच्या जागी स्वतःचे घातले होते.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. एल्डाची मस्तकात जाऊन थांबली नाही, ती हातात उतरली. तिनं कॉफीचा कप असा ठेवला की बशीचे दोन तुकडे झाले. मग तिनं बाकीच्या गोधड्या एकेक खिडकीशी नेल्या. पण त्या धुतलेल्या होत्या, वापरलेल्या होत्या, भोकं कधीच मिटून गेली होती. पाचवी? सातवी? लेकाच्या जन्माची? काही कळायला मार्ग नव्हता. चव्वेचाळीस अर्ज, आणि त्यातल्या 'टाके कोणी घातले' या रकान्यात तिनं दोन दिवस बसून प्रत्येक ठिकाणी एकच नाव लिहिलं होतं.

त्या वेळच्या मंडळातली एकच बाई आता जिवंत होती. सेल्मा उन्रू, रूबेनची थोरली बहीण. पाऊण मैलावर राहायची. पंचावन्नहून अधिक वर्षांपासूनची नणंद आणि जवळजवळ तितक्याच वर्षांपासूनची मैत्रीण.

एल्डानं गोधडी गाडीत मागच्या सीटवर टाकली आणि निघाली.

सेल्मा स्वयंपाकघरात पावाचे दुमजली गोळे करत होती, मोठ्या गोळ्याच्या डोक्यावर छोटा दाबत. एक्क्याऐंशी वर्षांची, पण पाठ ताठ.

"आलीस? बस. पहिला घाणा पाच मिनिटांत निघेल."

एल्डा बसली नाही. तिनं गोधडी खिडकीवर धरली. "हे काय आहे?"

सेल्मानं हात पुसले, चष्मा लावला, आणि बघितलं. बघायला तिला जेवढा वेळ लागला तेवढ्यातच एल्डाला कळलं.

"उडती बदकं," सेल्मा म्हणाली.

"बदकं मलाही दिसतायत. भोकं काय आहेत?"

"एल्डा, पंचावन्न वर्षं झाली त्याला."

"म्हणजे तू होतीस."

सेल्मानं पुन्हा एक गोळा उचलला. "तू चार वाजता निघायचीस. गाईंचं दूध काढायला. आम्ही थांबायचो. मी, आना आणि हुल्डा."

"थांबून माझे टाके काढायचात."

"दर वेळी नाही."

"दर वेळी नाही!" एल्डाचा आवाज इतका चढला की बाहेर सेल्माची कोंबडी फडफडली. "आणि आणखी कुणाकुणाचे काढायचात?"

सेल्मानं गोळ्यावर गोळा दाबला.

"सेल्मा. आणखी कुणाचे?"

"तुझेच," सेल्मा म्हणाली. "आईनं सांगितलं होतं. रूबेन येईल, माणसं बघायला येतील, सुनेला कुणी हसायला नको. तुझ्या भल्यासाठीच केलं गं. प्रेमानं केलं."

"प्रेमानं केलंत तर मग माझ्या पाठीमागे का केलंत?"

"सांगितलं असतं तर तू चिडली असतीस."

"मग चिडू द्यायचं होतं!" एल्डानं टेबलावर हात आपटला. कणकेचे दोन छोटे गोळे मोठ्यांवरून घरंगळले. "तेव्हा चिडू द्यायचं होतं, सेल्मा! एकवीस वर्षांची होते, जोर होता अंगात. आता चिडले तर डॉक्टर गोळ्या वाढवतो."

सेल्माला हसू फुटलं. तिनं ते दाबलं, पण एल्डाला दिसलंच.

"हसू नकोस."

"नाही हसत."

"हसतेयस."

"बरं, हसले. पण तू पण ऐक." सेल्मानं आता चष्मा काढला. "पंचावन्न वर्षं ती गोधडी तुझ्या पेटीत आहे. तुला टाका कळत नाही असं थोडंच आहे? तू एकदाही नीट बघितली नाहीस? की बघितलीस आणि आवडली, म्हणून गप्प बसलीस?"

हे वर्मी लागलं. कारण एल्डानं बघितली होती. एकदा, सत्तेचाळीसमध्ये, आणि तिला वाटलं होतं, माझा हात खरंच चांगला आहे की. त्या एका वाटण्यावर तिनं पुढच्या चाळीस गोधड्या शिवल्या होत्या.

"मला वाटलं माझे आहेत," ती म्हणाली. "तुम्ही तोंडावर सांगितलंत ना, हात बसला म्हणून. आना म्हणाली. आणि तू मान डोलावलीस. स्वतःच्याच टाक्यांना मान डोलावत होतीस!"

"मग काय म्हणणार होते मी? तू लग्न होऊन आलेली, नवरा छावणीत, रडवेली..."

"रडवेली?" एल्डा म्हणाली. "रडवेली नव्हते मी. चिडलेली होते. तो साखरवाला, आणि कोठाराच्या दारावर ते लिहिणारा, आणि तुझी आई, 'आपण रागवत नाही' म्हणणारी. सगळं मी त्या गोधडीत घातलं होतं. तेवढं एकच ठिकाण होतं मला. आणि तुम्ही तिघींनी बसून ते एकेक करून उपटलंत, वर साजूक टाके घातलेत. आणि ते इतके साजूक, की रूबेननं ती गोधडी कधी अंगावर घेतली नाही. माझे टाके असते तर घेतली असती. त्याला माझ्या टाक्यांचं भय नव्हतं."

ओव्हनमधले पाव करपल्याचा वास यायला लागला होता. दोघींपैकी कुणी हललं नाही. मग सेल्मा हलली, तिनं ट्रे काढला. बुडं काळी पडली होती.

"कुठपर्यंत?" एल्डानं विचारलं.

"काय कुठपर्यंत?"

"कुठल्या गोधडीपर्यंत काढत होतात? मला अर्ज भरायचेत."

सेल्मानं बोटांवर मोजलं. "छप्पन सालापर्यंत. त्यानंतर तुझा हात सुधारला."

"की तुमचे डोळे गेले?"

"हुल्डाचे गेले. माझे नाही." सेल्मानं ट्रे ओट्यावर आदळला. तिलाही आता राग येत होता, आणि ते पाहून एल्डाला बरं वाटलं. "छप्पननंतर तुझे टाके तुझेच आहेत. मी शप्पथ घेत नाही, पण सांगते."

मेनोनाइट बाई शपथ घेत नाही, हो म्हणजे हो. एल्डानं हिशेब केला. चर्चच्या चौकटीवर ताणलेल्या, छप्पनपूर्वीच्या, एकूण अकरा.

"ऐक ना," सेल्मा जरा खाली येत म्हणाली. "त्या रकान्यात 'शिवणमंडळ' लिही. सगळ्या बायका तसंच लिहितायत. आपल्यात कुणी गोधडीवर नाव घालत नाही. कुणाचं काय, सगळ्यांनी मिळून केलं. त्यात खोटं काहीच नाही."

"सगळ्यांनी मिळून काय केलं? मी घातले आणि तुम्ही काढले. ह्याला मिळून म्हणतात?"

"मग काय लिहिणारेस?"

"जे झालं ते."

"एल्डा! भिंतीवर लागणारेत ते अर्ज. आना आणि हुल्डाची नातवंडं वाचतील."

"वाचू देत. त्यांना वाचता येतं." एल्डानं गोधडीची घडी घातली, तिथेच, पिठाच्या टेबलावर. मग तिला काहीतरी सुचलं आणि ती थांबली. "सेल्मा. मंगळवारी काय करतेयस?"

"मंगळवारी? काही नाही. का?"

"माझ्याकडे ये. तुझं ते टाके उसवायचं पातं घेऊन ये."

"कशाला?"

"तू घातलेस, तू उसव."

सेल्मानं तिच्याकडे असं पाहिलं, जसं माणूस वावटळ येताना पश्चिमेकडे पाहतं. "मी एक्क्याऐंशी वर्षांची आहे."

"मी पंचाहत्तर. आणि परत घालायचेत मला. काम मला जास्त आहे."

मंगळवारी सेल्मा येईल असं एल्डाला वाटलं नव्हतं. ती आली, नऊ वाजता, पातं, भिंगाचा दिवा आणि करपलेल्या पावांची पिशवी घेऊन. दोघी टेबलाच्या दोन बाजूंना बसल्या. सेल्मा उसवे, एल्डा मागून भरत जाई. तिनं ठरवलं होतं की टाके पूर्वीसारखेच मोठे घालायचे, पण पन्नास वर्षांचा सराव आडवा आला. हात आपोआप लहान टाका घेई. पहिली ओळ तिनं तीनदा काढली आणि तिन्हीदा स्वतःलाच शिव्या दिल्या, अर्थात मेनोनाइट शिव्या, म्हणजे "शेणकिडे" आणि "बटाट्या". मग तिनं नियम केला: सुई जुन्या भोकातूनच आत आणि जुन्या भोकातूनच बाहेर. तेव्हा जमलं. ओळ वाकडी चालली, एका ठिकाणी तर चांगली बोटभर ढांग टाकून गेली. त्या दिवशी नक्की साखरवाला आठवला असणार.

सेल्मा तोंड मिटून काम करी, म्हणजे अर्धा तास. मग म्हणे, "हा आनाचा आहे. आना नेहमी ओढून घालायची." किंवा, "कॉफी ठेवू का?"

"उसव."

"अगं, घोटभर..."

"आधी रांग संपव."

शुक्रवारी ट्वायला अर्ज न्यायला आली, आणि दारातच थबकली. "टांटे एल्डा! हे काय? ही तर पुढच्या दालनात लावायची ठरलीय!"

"लाव की."

"पण ह्याचे टाके..." ती वाकून पाहायला लागली. "हे... हे जरा मोठे..."

"दिसतायत ना? मग बरोबर आहे."

ट्वायलानं सेल्माकडे पाहिलं. सेल्मानं पात्याकडे पाहिलं. एल्डानं अर्जांचा गठ्ठा पुढे केला. अकरा अर्जांवर एका नावावर काट मारून चार नावं लिहिली होती. वर होता चार नंबरचा. 'टाके कोणी घातले' या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: १९४४, एल्डा रात्सलाफ. १९४४, एल्डा दूध काढायला गेल्यावर, सेल्मा उन्रू, आना कौफमन, हुल्डा श्राग, एल्डाला न सांगता. १९९९, पुन्हा एल्डा.

ट्वायलानं ते दोनदा वाचलं. "टांटे, हे 'न सांगता' एवढं गाळूया का? म्हणजे, सणाचा दिवस आहे, आणि..."

"एक शब्द गाळलास तर गोधडी मिळणार नाही."

"सेल्मा टांटे, तुम्ही तरी सांगा ना."

सेल्मानं पातं खाली ठेवलं. "लिहिलंय ते खरं आहे," ती म्हणाली. "उन्रूचं स्पेलिंग तेवढं नीट करा म्हणावं टाइप करताना."

ट्वायला गेली. दुपार कलली. गोधडीची शेवटची रांग उरली होती. सेल्मानं दिवा जवळ ओढला, पातं टेकवलं आणि तशीच थांबली.

"काय झालं?"

"ही माझी ओळ आहे. अख्खी माझी." तिनं बोट त्या ओळीवरून, कापडाला न लागता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. "अकराच्या वर आहेत गं. बारा असतील. तेव्हा पोटात जेम्स होता, पाय सुजलेले, तरी घातले होते. मी एवढी चांगली ओळ पुन्हा कधी घातली नाही." मग, एल्डाकडे न बघता, "ही एक राहू दे ना."

एल्डा उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि भिंगातून पाहिलं. बारा होते. एकसारखे, सरळ, श्वास घ्यावा तसे. तिच्या आयुष्यात तिला असे टाके जमले नव्हते आणि जमणारही नव्हते.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "काढ."